दक्खणवाली

जूनच्या अखेरीस ट्यूलिपचे कांदे जमिनीतून वर आले आणि केसच्या शेडमध्ये निवडणीला हात कमी पडू लागले, तेव्हा उल्का कामाला लागली. केस हा त्या शेताचा मालक. नाव केस आणि डोक्यावर एकही केस नाही, यावरून पहिल्याच दिवशी उल्काला जे हसू फुटलं ते तिला कुणाला समजावून सांगता येईना. शेजारी बसलेली बाई तिच्याकडे बघत राहिली आणि काही न कळता तीही हसायला लागली. ती सुनहरी.

उल्का हॉलंडमधल्या लायडनहून सायकल मारत केसच्या गावी, फोरहाउटला यायची. वारा जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच. दोन्ही अंगांना सपाट रेताड रानं, मधून काळ्या पाण्याचे चर. फुलं बघायला येणारी माणसं एप्रिलात येऊन गेली होती, फोटो काढून गेली होती. आता नुसती मेहनत उरली होती. ट्रॅक्टरमागचं यंत्र माती उकरून कांदे क्रेटमध्ये भरायचं, क्रेट शेडमध्ये यायचे आणि बायकांनी लांब टेबलांना बसून एकेका कांद्याचं जुनं टरफल सोलायचं, मुळ्या मोडायच्या, मोठ्या कांद्याला चिकटलेली पिल्लं सुटी करायची. पाठ धरून यायची. धूळ नाकातोंडात जायची.

उल्काला हे काम शिकवावं लागलं नाही. तिचं माहेर निफाडकडचं. लहानपण कांद्याच्या चाळीत गेलेलं. पाय मोडून बसायचं, डावा हात उचलतो तोवर उजव्यानं निवडून टाकायचं, हे अंगातच होतं. लग्नानंतर पुण्यात आणि मग लायडनमध्ये ते हात नुसते पडून होते.

"बेब्बे, तेरे हाथ तो मशीन सैं," सुनहरी म्हणाली. बेब्बे म्हणजे बहीण. हरियाणातल्या एका खेड्यातून ही बाई लग्न होऊन इथं आली त्याला आता एक जमाना झाला होता, पण बोली तिनं जशीच्या तशी राखली होती. उल्कापेक्षा हातभर उंच, हाडापेरानं मजबूत, ओढणी कायम डोक्यावर. तिचा नवरा धरमपाल केसच्या रानातला मुकादम. शेडच्या मागं केसनंच दिलेल्या विटांच्या घरात दोघं राहत. मुलगी प्रोमिला नर्सिंग शिकत होती.

आठवड्याभरात उल्काची बोटं फुटली. ट्यूलिपचा चीक कातडीला खातो. पेरांना भेगा पडतात आणि मग भांडी घासतानाही डोळ्यांत पाणी येतं. जेवणाच्या सुट्टीत सुनहरीनं तिचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि औषधाच्या जुन्या बाटलीतलं मोहरीचं तेल एकेका बोटाला चोळलं.  परदेशात आल्यापासून कुणी आपला हात असा हातात घेतला नव्हता, हे उल्काच्या तेव्हा ध्यानात आलं.

घरी विवेकला तिनं हे सगळं सांगितलं. विवेक लायडनच्या एका संशोधन संस्थेत होता. उत्तरेकडच्या शेतकरी जातींतली कुळं कुठून आली, आपल्या मूळ पुरुषाबद्दल काय सांगतात, यावर त्याचं काम चाललं होतं. करार संपत आला होता आणि पुढं मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. अलीकडे तो दाढी करायचं विसरायचा, ताटावर बसून भिंतीकडे बघत राहायचा. मुकादम जाट आहे म्हटल्यावर मात्र त्यानं घास खाली ठेवला.

"कुठलं गोत?"

"कुंढवाल म्हणाली बाई."

"कुंढवाल?" तो उठलाच. "उल्का, यांच्यावर कुणी काही लिहिलेलंच नाही. मला घेऊन चल."

पुढच्या रविवारी तो गेला. धरमपालनं त्याला 'डाकटर साहब' म्हणून खुर्ची दिली, तुपानं चमकणारा चुरमा पुढं केला आणि छाती काढून कुळाची कथा सांगितली. अजमेरकडून कुंढपाल नावाचा सरदार घोड्यावर आला, तहानेनं घोडा कोसळला तेव्हा त्यानं जमिनीत भाला मारला, पाणी उसळलं, तिथं विहीर झाली आणि विहिरीभोवती गाव. भाट दर पिढीला येऊन हेच गातो. विवेकनं सगळं उतरवून घेतलं, पण परतताना त्याचा चेहरा पडलेला होता.

"सगळ्यांचे पूर्वज घोड्यावरूनच येतात," तो म्हणाला. "पायी कुणी येतच नाही. याचा मला काही उपयोग नाही गं."

जुलैत ऊन पेटलं. हॉलंडात असं ऊन कुणी पाहिलं नव्हतं. चरांतलं पाणी शेवाळानं हिरवं झालं, पत्र्याखाली बसवेना. केस डोक्याला ओला रुमाल बांधून फिरायचा आणि बायकांना पाण्याच्या बाटल्या वाटायचा. पुरुष रानात होते. शेडमध्ये पलीकडच्या टेबलाला पोलंडच्या दोघी पोरी, अलीकडे सुनहरी आणि उल्का. केसची सून आपलं तान्हं बाळ सासऱ्याला दाखवायला घेऊन आली होती. उकाड्यानं ते पोर टाहो फोडून रडत होतं. तिला काही केल्या आवरेना. सुनहरीनं हात पुसले, पोर उचललं, खांद्याला लावलं आणि शेडच्या दारातल्या सावलीत हलत हलत ती काहीतरी गुणगुणू लागली.

"दक्खण तै आई दादी, हाथां कुआ खोद्या रै… नीज रै बाळा, नीज रै…"

उल्काच्या हातातला कांदा तसाच राहिला. तिला वाटलं, उन्हानं कानात भास झाला. पोर शांत झालं, सून त्याला घेऊन गेली, सुनहरी परत येऊन बसली तरी उल्का तिच्याकडेच बघत होती.

"दीदी, ये नीज क्या है?"

"मन्नै के बेरा. दादी का नाम होगा. नीजो दादी." अर्थ सुनहरीलाही ठाऊक नव्हता; तिनं टरफल ओढून टाकलं. "म्हारी दादी-सास गाया करती."

"नाव नाहीये ते," उल्का मराठीतच बोलून गेली आणि मग सावरून म्हणाली, "हमारी भाषा है, दीदी. नीज मतलब सो जा. नीज रे बाळा. मेरी आई मुझे ऐसे सुलाती थी."

सुनहरीचे हात थांबले.  मग तिनं पोलंडच्या पोरींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि खाली वाकून, कांदे निवडता निवडताच, हळू आवाजात सांगू लागली.

पुरुषांचा सरदार आणि घोडा बायकांना ठाऊक होता, पण त्या तो मानत नव्हत्या. घरात मूल जन्मलं की बाळंतीण विहीर पुजायला जाते. त्या वाटेवर फक्त सासुरवाशिणी असतात आणि तेव्हाच हे गाणं म्हणायचं. पानिपतच्या मोठ्या लढाईनंतर, थंडीच्या दिवसांत, दख्खनच्या फौजेमागून आलेली एक बाई मोहरीच्या रानात लपलेली सापडली. बेलदाराची बाई, माती खोदणाऱ्यांतली. नवरा मारला गेलेला. पोटात मूल. गावातल्या एका विधुर जाटानं तिला आणलं, तिच्यावर चादर टाकली, म्हणजे बायको करून घेतली. तिची भाषा कुणाला येत नव्हती. गावात गोडं पाणी नव्हतं. बाळंत झाल्यावर तिनं स्वतःच्या हातानं विहीर खोदली, पोर काठाला निजवून. त्या पोराचे वंशज सगळे कुंढवाल.

"मग रक्त…" उल्का म्हणाली आणि थांबली.

"हां," सुनहरी म्हणाली. "जाट का कोन्या." जाटाचं नाही. तिनं उल्काच्या मनगटाला हात लावला. "किसे नै बताइये मत, बेब्बे. मरदां के आगै तो हम इसनै सोचां भी कोन्या. तू दक्खण की सै, ज्यां तै बताया."

त्या दिवशी उल्का सायकल मारत आली ती वाऱ्यावर तरंगत आल्यासारखी. अडीचशे वर्षांपूर्वीची एक बाई, नाव नाही, गाव नाही, आणि तिचा एक शब्द तेवढा इतक्या तोंडांतून फिरत फिरत आपल्यापर्यंत आला. हे पोटात ठेवणं तिच्यानं होईना. जिला सांगावं अशी दुसरी बाई लायडनमध्ये नव्हती. विवेक दारातच होता.

तिनं आधी शब्द घेतला. "हे कुठं लिहायचं नाही. शपथ घे."

"अगं, मी काय वार्ताहर आहे का?"

"तरी घे."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं सांगितलं. विवेक ऐकत राहिला, एकदा दोनदा त्यानं तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि मग उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. "केवढं मोठं आहे हे," एवढंच म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी तो नीट जेवला. उल्काला बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात प्रोमिलाचं लग्न जमलं. मुलगा शैलेंद्र, हिसारकडचा जाट, ब्रेडाला एका मालवाहतुकीच्या कंपनीत कामाला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं हे आईबापांना नंतर कळलं, पण गोत आड येत नव्हतं, घर चांगलं होतं, कुणी खोडा घातला नाही. मुलाचा काका ॲम्स्टरडॅमशेजारी डीमनला राहत असे. तो पेढे घेऊन आला. धरमपालनं रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. उल्का सकाळीच मदतीला निघाली.

"पिशवी घेऊन जा," विवेक म्हणाला. "पाण्याची बाटली घातलीय आत. स्वयंपाकघरात जवळच ठेव, उकाडा फार आहे." आणि चपला घालता घालता म्हणाला, "तिला आज गायला सांग ना. मुलीचं शुभकार्य आहे. तुला पुरतं ऐकायचंय म्हणत होतीस."

ऐकायचं तर होतंच. पुरुष पुढच्या खोलीत बसले, विवेक त्यांच्यात. मागं स्वयंपाकघरात सुनहरी, उल्का आणि कणीक मळणारी प्रोमिला. दार लोटलेलं. उल्कानं गळ घातली तेव्हा सुनहरी लाजली, मग लेकीकडे बघून म्हणाली, "तू भी सुण ले. एक दिन तन्नै भी कुआ पूजणा सै." आणि तिनं पुरतं गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुऱ्या लाटत. प्रोमिलाला डच जास्त आणि हरियाणवी कमी कळायची. तिला आईनं आणि उल्कानं मिळून अर्थ सांगितला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पिठाच्या हातानं तिनं आईला मिठी मारली. पिशवी कट्ट्यावर होती, पाण्याची बाटली तिच्यातून डोकावत होती.

ऑगस्ट लागला आणि पावसानं जोर धरला. एवढ्या उन्हानंतर आलेला पाऊस, पण सुखाचा नाही. गार, तिरका, दिवसच्या दिवस. राहिलेले कांदे चिखलातून काढावे लागले. क्रेट जड, हात गारठलेले. एका सकाळी उल्का शेडमध्ये आली तर सुनहरी जागेवर नव्हती. धरमपाल दारात उभा होता. रोज 'राम राम जी' म्हणणारा माणूस. आज त्यानं नुसती मान वळवली.

"डाकटर साहब नै ले कै दोपहर नै घर आ जाइयो," तो म्हणाला. "बडा भाई फोन पै बात करैगा."

"क्या हुआ, भाईसाब?"

"आपनै बेरा सै, के हुया."

तिला खरंच ठाऊक नव्हतं. प्रोमिलानं तिला शेडच्या मागं गाठून सांगितलं. रोहतकच्या एका हिंदी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. हॉलंडमधल्या मराठी विद्वानाचा शोध: कुंढवाल जाटांचं मूळ एका बेलदारणीत. त्यात गावाचं नाव होतं. आणि गाणं सांगणारी म्हणून 'सुनहरी, पत्नी धरमपाल, हाल वास्तव्य हॉलंड' असं होतं.

"Oom Ransingh is woest," प्रोमिला डचमध्ये म्हणाली आणि उल्काला कळेना तेव्हा हिंदीत आली. "ताऊजी बहोत गुस्सा हैं. शैलेंद्र के घरवाले भी फोन उठा नहीं रहे. आंटी, आप बताइए ना उनको. आप ठीक कीजिए."

उल्का त्या पावसात सायकल तशीच सोडून बसनं लायडनला गेली. विवेक कॉम्प्युटरसमोर होता.

"तू छापलंस?"

तो चटकन वळला नाही. "मी पेपर वाचला होता सेमिनारमध्ये. तिथून एकानं विचारलं, मी सारांश पाठवला. नाव वगळायला सांगणार होतो. राहून गेलं."

"राहून गेलं?"

"उल्का, करार वाढवून द्यायचा की नाही ते सप्टेंबरात ठरणार आहे. लोकांनी दखल घेतली असं दाखवावं लागतं. आणि हे काही तिच्या एकटीचं नाही. आपलंही आहे. आपल्या बाईची गोष्ट आहे ती."

"डोक्यावर हात ठेवला होतास माझ्या."

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. तिनं छत्री घेतली. "चल. तिथं येऊन माफी माग."

धरमपालच्या पुढच्या खोलीत टेबलावर फोन मधोमध ठेवला होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावून. शैलेंद्रचे डीमनचे काका कोपऱ्यात पावसाळी कोट न काढता बसले होते, पाहुण्यासारखे नाही, पंचासारखे. सुनहरी भिंतीला लागून जमिनीवर बसली होती. फोनमधून मोठा दीर रणसिंग खोकला आणि तिनं ओढणी पुढं ओढून तोंड पुरतं झाकून घेतलं. माणूस समुद्रापार, नुसता आवाज आलेला. पण दिरापुढं चेहरा उघडा ठेवायचा नाही. उल्काला ते बघवेना.

"धरमपाल," फोनमधला आवाज म्हणाला, "पूछ इसतै. इसनै गाया था यो?"

धरमपालनं बायकोकडे न बघता विचारलं. ओढणीच्या आतून आवाज आला, "मन्नै कोन्या गाया."

"तो छपा क्यूकर?"

"मन्नै के बेरा."

"गंगाजळ पै हाथ धर कै कह."

डीमनच्या काकांनी सोबत आणलेली प्लास्टिकची लहान बाटली पुढं सरकवली. सुनहरीचा हात ओढणीतून बाहेर आला. बोटांना अजून भेगा होत्या. तो हात बाटलीवर टेकण्याआधीच उल्का बोलली.

"उन्होंने नहीं गाया. मैंने बनाया."

सगळे तिच्याकडे वळले.  ती म्हणाली, आमच्याकडे मुलांना निजवायचं एक गाणं आहे. त्यात मी यांच्या गावाचं नाव घातलं, विहीर घातली, गंमत म्हणून नवऱ्याला सांगितलं, त्यांनी खरं समजून लिहिलं. दीदींना यातलं काही माहीत नाही. चूक माझी आहे. पेपरात तसं छापायला सांगते.

 ओढणीच्या आत सुनहरीनं श्वास सोडल्याचं उल्काला ऐकू आलं. काकांनी बाटली हळूच मागं घेतली.

"यानि डाकटर झूठा सै," रणसिंग फोनमधून म्हणाला. त्याच्या आवाजातला राग एकदम उतरला, जागी तुच्छता आली. "लुगाई की गप छाप दी. कल ही वकील तै चिट्ठी लिखवाऊं सूं इसके दफ्तर नै, अक यो आदमी झूठ लिखै सै."

उल्कानं विवेककडे पाहिलं. गप्प राहा, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. आयुष्यात एकदा गप्प राहा.

विवेकचा चेहरा पांढरा पडला होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "मी खोटं लिहीत नाही. मैं झूठ नहीं लिखता, चौधरीसाहब." त्यानं कोटाच्या खिशात हात घातला, बोटाएवढं एक यंत्र काढलं आणि फोनशेजारी टेबलावर ठेवून बटण दाबलं.

आधी भांड्यांचा आवाज आला. तेल तडतडल्याचा. मग उल्काचा स्वतःचा आवाज, लाडीगोडी लावणारा: "गाइए ना दीदी, पूरा गाइए, यहाँ कौन सुनता है." आणि मग सुनहरी गाऊ लागली. भरल्या, मोकळ्या आवाजात. लेकीच्या शुभकार्याच्या दिवशी, पुऱ्या लाटत.

उल्काला कट्ट्यावरची पिशवी दिसली. पाण्याची बाटली दिसली. चपला घालताना तो काय म्हणाला होता ते आठवलं.

कुणीच ते बंद केलं नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. त्यामागून प्रोमिलाचं रडणं, तिघींचं हसणं. मग विवेकनं बटण दाबलं.

धरमपाल उठला, बायकोसमोर उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, "यो तेरी आवाज सै?"

"हां," सुनहरी म्हणाली.

फोनमध्ये खट्ट झालं; रणसिंगनं ठेवला होता. काका उठले, बाटली खिशात घातली, 'राम राम' न म्हणता बाहेर पडले. दाराशी प्रोमिला उभी होती. तिनं त्यांना जाताना पाहिलं, आईकडे पाहिलं आणि वर आपल्या खोलीत गेली. जिन्यावर तिची पावलं मोठ्यानं वाजली, मग दार.

धरमपाल अजून उकिडवाच होता. तो म्हातारा दिसत होता. "डाकटर साहब," तो म्हणाला, "थमनै जो लेणा था, ले लिया. इब जाओ."

"आप समझ नहीं रहे, ये आपके लिए भी गर्व की—"

"जाओ."

बस स्टॉपवर दोघं छत्रीत उभे होते, एका छत्रीत, कारण दुसरी नव्हती. विवेक बोलत होता. पुरावा असताना गप्प बसणं म्हणजे संशोधकानं आत्महत्या करणं, इतिहास कुणाच्या मालकीचा नसतो, आज चिडलेत पण उद्या याच गोष्टीचा अभिमान बाळगतील. तू मध्ये पडून मला खोटा ठरवलंस म्हणून हे करावं लागलं, नाहीतर मी टेप काढणारही नव्हतो.

"माझ्या पिशवीत," उल्का म्हणाली.

"काय?"

"माझ्या पिशवीत ठेवलंस. माझ्याच हातानं तिच्या चुलीपाशी नेलंस."

"तुला सांगितलं असतं तर तू नेलं असतंस?"

बस आली. तो चढला. उल्का छत्रीबाहेर झाली आणि चढली नाही. दार मिटलं, काचेआडून तो काहीतरी म्हणत होता, मग बस गेली. ती भिजत शेडपर्यंत चालत आली, सकाळी सोडलेली सायकल घेतली आणि हातानं ढकलत लायडनला गेली. 

पुढं जे व्हायचं ते होत गेलं. शैलेंद्रच्या घरून निरोप आला, सोयरीक मोडली. पोरगं ब्रेडाहून एकदा येऊन गेलं, शेडमागं प्रोमिलाशी बराच वेळ बोललं आणि मान खाली घालून परत गेलं. घरच्यांपुढं उभं राहण्याएवढं त्याचं हाड नव्हतं. गावाकडे कुंढवालांच्या पंचायतीनं ठरवलं की गाणं खोटं आहे, धरमपालच्या बायकोनं गावात पाय ठेवू नये आणि यापुढं विहीर पुजायला जाताना बायकांसोबत घरचा एक पुरुष असावा. म्हणजे गाणंच बंद झालं. विवेकचा करार वाढला. समितीनं कामाचं कौतुक केलं असं त्यानं पाठमोऱ्या उल्काला सांगितलं, पुस्तक व्हायचं म्हणाला, आभारात पहिलं नाव तुझं.

"माझं नाव घालू नकोस," ती म्हणाली. "एवढं तरी ऐक."

ती महिनाभर शेडमध्ये जात राहिली. धरमपालनं तिला काढलं नाही. पलीकडच्या टेबलाला, पोलंडच्या पोरींत बसवलं. सुनहरी तिसऱ्या दिवशी कामावर आली. उल्का उठून तिच्याशेजारी जाऊन बसली तेव्हा सुनहरीनं अर्धा भरलेला क्रेट उचलला, कमरेला लावला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. चिडून नाही. क्रेट तिथं बरा म्हणून ठेवावा तसा. उल्का पुन्हा तिथं बसली नाही.

विवेकच्या परवान्यावर तिचं इथलं राहणं होतं. त्याला सोडायचं म्हणजे देश सोडायचा. सप्टेंबरच्या शेवटी तिनं निफाडला फोन केला. वडिलांनी काय झालं विचारलं नाही, "चाळ भरलीय, ये," एवढंच म्हणाले. तिकीट काढलं. विवेकला वाटलं, चार दिवस माहेरी जाऊन डोकं शांत होईल. तिनं त्याचा गैरसमज दूर केला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती शेडमागच्या घरी गेली. ऊन पडलं होतं, रानं नांगरून मोकळी झाली होती, केस लांब कुठं तरी ट्रॅक्टरवर होता. सुनहरी दारात लसूण सोलत बसली होती. उल्काला पाहून ती उठली, पण आत चल म्हणाली नाही.

"दीदी, मैं जा रही हूँ. गाँव. वापस नहीं आऊँगी."

सुनहरीनं मान हलवली.

"मुझे नहीं पता था, दीदी. पिशवी में… मेरी आई की सौगंध. मुझे नहीं पता था."

"बेरा सै मन्नै," सुनहरी म्हणाली. "तेरा मुँह देख्या था मन्नै उस दिन." तिनं हातातल्या पाकळीचं टरफल चिमटीत चुरडलं. "पर घरआळे तै तो तन्नै ही बताया था, बेब्बे. मन्नै तो ना मेरे घरआळे तै बताया, ना मेरी सास नै उसके तै. इतने बरस किसे एक नै भी ना बताया."

 उल्का खाली वाकली. वयानं मोठ्या बाईच्या पाया पडून निघावं, एवढंच तिला सुचलं. पण तिची बोटं पोचण्याआधी सुनहरीनं पाऊल मागं घेतलं.

"पां मत पकड," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेली होती. "पां तो आपणे पकड्या करैं."

उल्का तशीच वाकलेली राहिली, हात रिकामे, फरशीला टेकलेले. मग उठली. सुनहरी पुन्हा खाली बसून लसूण सोलू लागली होती. आत जिन्यावरून प्रोमिला उतरताना दिसली. तिनं उल्काला पाहिलं आणि आतूनच दार ओढून घेतलं.